पखवाजाची कणीक

५ नोव्हेंबर १९५६, सोम.
पहाटे धुकं. नदीपलीकडचा दवाखाना दिसत नाही, नुसते दिवे तरंगतात. त्यातला एक सौ.च्या खाटेजवळचा, असं मी ठरवून टाकलंय.
देवळात काकडा चाललाय. अंथरुणातूनच ऐकला. पखवाजाची डावी बाजू बद्द बोलते, कणीक नीट लागलेली नाही. दर कार्तिकात सौ. कणीक मळून द्यायची, मी वाजवायचो. यंदा दोन्ही नाही.
ती माहेरी गेलीय, असं गावात सांगितलंय. क्षयाचं घर, लोकांचं दळण कोणत्या तोंडाने घ्यावं? इंजिन बिघडलंय असं सांगून गिरणी बंद ठेवलीय. भंगारातून उभं केलेलं इंजिन, एक दिवस कुरकुरलं नव्हतं बिचारं.

८, गुरु.
दगडूनाना दारात. काकड्याचे म्होरके तेच. मी आतून कडी लावली. बाहेरूनच म्हणाले, पखवाज रुसलाय. गेले.
शेजारची गोदाक्का पाणी भरताना कुणाला तरी सांगत होती, गिरणीवाला माणसांतून उठला. कान तिखट असण्याचा हा तोटा. देवाशी तर बोलणंच...
असो.

११, रवि.
नावेतून पलीकडे. सौ. व्हरांड्यात, शाल पांघरून. गाल आणखी बसलेत. गिरणी जोरात आहे म्हणून सांगितलं. ती नदीकडे बघत म्हणाली,
"गिरणीच्या धुराड्यावरचा डबा वाजत नाही. इथं पडून मी दुसरं काय ऐकते?"
घरात कान मलाच आहेत असं समजत होतो.
निघताना म्हणाली, "तुम्ही असे एकटे बसलात, तर मी कुणाच्या भरवशावर बरी होऊ?"

१२, सोम.
नानांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत होते, मळतच राहिले.
"ठावं हाय आमाला. नावाडी काय मुका हाय व्हय?"
म्हणजे मी लपवतोय म्हणून अख्खा गाव लपवत होता!
दुपारी इंजिन 'दुरुस्त' झालं. पहिली पाटी गोदाक्काची. बारीक दळा म्हणाली, आणि तो डबा जरा मोठा लावा, पल्याड जाऊ द्या आवाज. मी पट्ट्याकडे बघत राहिलो. पीठ डोळ्यात गेलं म्हणायला गिरणी बरी.

१६, शुक्र.
कणीक मी मळली. पखवाज बेडकासारखा बोलला. टाळकरी हसून बेजार, मीही. कितीतरी दिवसांनी.
समाप्तीचा काकडा नदीच्या घाटावर म्हणायचा, नानांनी ठरवलं. कुणीतरी कुरकुरलं, देऊळ सोडून कसं? नाना म्हणाले, "द्येव हलत न्हाई, तर आपुन हलू."

१८, रवि. पौर्णिमा
घाटावर सगळा गाव. पाण्यावर धुकं, त्यात चांदणं विरघळलेलं. पलीकडचा काठ आहे की नाही कळेना. टाळ पाण्यावरून चालत गेल्यासारखे. विठ्ठलाचं नाव घेतलं आणि काही मागायचं विसरलोच. डावीकडे नानांचा खांदा, उजवीकडे कुणाचा पाहिलं नाही. होता.
दुपारी पलीकडे गेलो. ऐकू आलं का, हे मी विचारायच्या आत तिनंच विचारलं,
"कणीक कुणी मळली?"
"मी."
"पाणी जास्त पडलं."
हसली. मग खोकला, बराच वेळ. बुधवारी छातीचा फोटो परत काढणार. डॉक्टर काही बोलत नाहीत.
काकडा संपला, पण बुधवारी पहाटे मंडळी घाटावर बसणारच म्हणतात.
पीठ चाळून ठेवलंय. पाणी बेताने.