कोंबड्यांच्या औषधाचं अर्धं माप

बाबा, औषधवाल्याने आज माझ्या गोळ्यांची पट्टी नेमकी छापलेल्या नावाच्या मधोमध कापून दिली. स्वतंत्र देशातल्या नागरिकावर याहून मोठा अन्याय माझ्या ऐकिवात नाही. वर डॉक्टर म्हणतात, दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र घ्या, पण अर्ध्या अर्ध्या. अर्ध्याचा मला जुना संशय, तुम्हाला ठाऊकच आहे.

तेव्हा बोथजवळच्या पोल्ट्रीवर तुम्ही कामाला होतात आणि मी आदिलाबादला कॉलेजात जाऊन फार शहाणा झालो होतो. पिलांच्या दर नव्या खेपेला रक्ताची हगवण लागायची. एका औषधाला ती दाद देईना, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र द्यायला सांगितली, मात्र प्रत्येकाचं अर्धंच माप. हगवण थांबली. अर्ध्या मापाचं तुम्ही सांगितलं होतंत, तरी माझा विश्वास नाही; मी दारातून बघतो आहे: तुम्ही औषधाने मापाचा डबा भरता, अर्धा परत पिशवीत ओतता, मग खाद्यात मिसळता. उरलेलं बाजारात विकत असणार, दुसरं काय? शिकलेल्या माणसाला याहून साधं कारण सुचत नाही.

तुम्ही लग्नाला तलमडुगूला गेलात, ते तीन दिवस खाद्य मी मिसळलं. दोन्ही औषधं, पूर्ण माप. भर उन्हाळा, आणि जास्त औषधाने पक्ष्यांना ऊन सोसत नाही हे मला माहीत नव्हतं. तुम्ही परतलात तेव्हा पक्षी चोची वासून धापा टाकत होते, पायांवर उभे राहीनात. निम्मे मेले. मालक आले. तुम्ही औषधाच्या हलक्या झालेल्या पिशव्या उचलून पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना म्हणालात, "माप माहंच चुकलं, मालक." मेलेले पक्षी पुरायला खड्डा खणताना मला एवढंच विचारलंत, "काऊन रे, बापाचा भरोसा नाई का तुले?" मी म्हणालो, मला काय माहीत.

औषधाचं काम तुमच्या हातून गेलं ते गेलंच. शेवटपर्यंत तुम्ही शेडमध्ये पक्ष्यांच्या पायांखालचा भुसा उलटत राहिलात. माझा संशय मात्र इमानी. तुम्ही गेल्यावर तुमची पेटी उघडली, तीही औषधाच्या पुड्या शोधायला. दोन सदरे निघाले, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. 'अर्धं' या शब्दाखाली तुम्ही दोनदा रेघ ओढली होती.

तुम्हाला पत्र टाकायला पत्ता नाही. म्हणून परवा बोथला गेलो. मालक आता खाटेवरच असतात, ऐकू कमी येतं. तुमचा विषय काढताच म्हणाले, "माणूस चांगला, पण मापाले कच्चा." मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, माप बाबांचं बरोबर होतं, चुकीचं मी टाकलं. ऐकलं की नाही कळेना. मग पुन्हा सांगितलं, आत स्वयंपाक करणाऱ्या त्यांच्या सुनेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.