खोटं मला आवाजावरून कळतं

२ मे, सकाळ

ही रोजनिशी खासगी आहे. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून मी बोलते आणि कॉम्प्युटर लिहून घेतो. वाचणार तू एकटी, माझी लेक, आणि तुला सकाळी वाचलेलं संध्याकाळी आठवत नाही. नवऱ्याला बाजारात विसरून एकटी घरी आलेली बाई तू. त्यामुळे गुपित इथे बँकेच्या लॉकरपेक्षा सुरक्षित.

तुझ्या दादाने अट घातली आहे. महिनाभर मेल, बिलं, कॉम्प्युटर हे सगळं मी एकटीने नीट सांभाळलं, तर या घरात मी एकटीने राहायचं. घोटाळा झाला, तर तुझी आत्या इथे कायमची येणार. तिची तऱ्हा तुला माहीत आहे. ती माझं स्वयंपाकघर लावून देते आणि मग मला मीठ सापडत नाही.

संकल्प: घोटाळा करायचा नाही. सोपं आहे.

४ मे

दादाने नवा लॅपटॉप आणला. महागातला. म्हणाला, आई, यात व्हायरस शिरूच शकत नाही, कंपनीची गॅरंटी आहे. जावईबापू त्यांचा जुना घेऊन आले. त्यात फुकटची सिस्टीम. ते म्हणाले, गॅरंटी देणाऱ्यांचेच जास्त हॅक होतात, आमच्याकडे जगभरचे लोक डोळ्यांत तेल घालून बसलेत. दादा म्हणाला, फुकटात कोण कशाला तेल घालेल. जावईबापू म्हणाले, तुमचं मशीन अपडेट होत बसतं तोवर माणूस म्हातारा होतो. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला.

चहा दोनदा झाला. निकाल लागला नाही. दोन्ही लॅपटॉप इथेच ठेवून गेले.

सकाळी दादाचा वापरते, दुपारी जावईबापूंचा. कोणाचा मान जायला नको. दोन किल्ले आणि मी एकटी राणी.

मेल आला की कॉम्प्युटरमधली बाई वाचून दाखवते. दोन्हीकडे बाईच आहे. शांत, स्वच्छ आवाज. खोकला नाही, नवऱ्याच्या तक्रारी नाहीत.

७ मे

आज एकाला पकडलं. फोनवर म्हणाला, बँकेतून बोलतोय.

तुझ्या बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गल्ल्यावर मी बसायचे. पावती हरवली म्हणणाऱ्याला मी सगळं तीनदा सांगायला लावायचे. खरा माणूस तिसऱ्यांदा चिडतो. खोटा तिसऱ्यांदा गोड होतो. एकही घड्याळ चुकीच्या मनगटावर गेलं नाही.

बँकवाल्याला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मला आईसाहेब म्हणाला. ठेवून दिला फोन.

दादाला कळवलं. शाबास म्हणाला. आवाजात जरा निराशा होती. आत्यासाठी पलंग बघून ठेवला असणार.

१० मे

संकल्प: आता प्रत्येक मेल तीनदा ऐकायचा.

तुझा मेल तीनदा ऐकला. खरा निघाला. विजेचं बिल तीनदा ऐकलं. खरं निघालं. दुःख झालं. बाई ना चिडते, ना गोड होते. असा सरळ आवाज मी आजवर ऐकला नाही. ही आमच्या गल्ल्यावर हवी होती.

१४ मे, दुपार

महत्त्वाचं काम हातावेगळं केलं.

मेलच्या ऑफिसातून मेल आला. तुमचं खातं तपासायचं आहे, नाहीतर आज बंद होईल, मोबाईलवर आकडे येतील ते आम्हाला कळवा. तीनदा वाचून घेतला. बाई जशीच्या तशी. पक्का खरा.

मोबाईलवर आकडे आले. मोबाईलमधली बाईही वाचते. वर म्हणाली, हे आकडे कोणालाही सांगू नका. बरोबर आहे. मी कोणाला सांगतेय? ऑफिसचे आकडे ऑफिसला.

जावईबापूंच्या मशीनवरून पाठवले, कारण ते सुरक्षित. मग दादाच्या मशीनवरूनही पाठवले, कारण ते आणखी सुरक्षित. एक गहाळ झाला तर दुसरा पोचेल.

तू असतीस तर आकडेच विसरली असतीस.

१५ मे

मेल उघडत नाही. बाई म्हणते पासवर्ड चुकीचा. तीनदा म्हणाली, म्हणजे खरं आहे.

पासवर्ड तुलाही ठाऊक, तेव्हा तूच बदललास आणि विसरलीस. मला राग नाही. रोजनिशी मशीनमध्येच असते म्हणून वाचली.

१६ मे

सकाळपासून फोन. आधी मावसबहीण. आजारी आहेस का? मग दादाचे सासरे. मग तो लांबचा भाचा, ज्याला मी मेले तरी कळलं नसतं. सगळ्यांना माझ्या नावाने मेल गेलाय. मी फार आजारी आहे, घरात एकटी आहे, तुमच्याशिवाय मला कोणी नाही. कोणाला सांगू नका. गिफ्ट कार्ड घ्या आणि त्यावरचा नंबर मला पाठवा.

मी म्हटलं, मेल माझा नाही, पण कंबर दुखते हे खरं आहे.

महिना संपायला अजून वेळ आहे. ही किरकोळ गोष्ट दादाच्या कानावर जाणार नाही.

१६ मे, संध्याकाळ

दादालाही तो मेल गेला होता.

१७ मे

दोघेही आले. दोन्ही लॅपटॉप उघडून बसले, डॉक्टर बसतात तसे. मी शेजारी, पेशंटच्या नातेवाइकासारखी.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, माझ्या मशीनमध्ये काहीही शिरलेलं नाही. जावईबापू म्हणाले, माझ्याही नाही. दोघांनी हात मिळवले. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग चोर आला कुठून, मी विचारलं. दादाने खातं परत मिळवलं आणि आकड्यांचा मेल दाखवला. म्हणजे मीच सांगितले. दार भक्कम, कुलूप भक्कम, आणि मी खिडकीतून किल्ली खाली टाकली.

पण बाईचा आवाज सरळ होता, असं मी म्हणाले. जावईबापू हळूच म्हणाले, आई, ती समोर येईल ते वाचते. चोराचंही त्याच आवाजात वाचते. तिला काही कळत नाही.

हे आधी सांगायला काय झालं होतं यांना? किल्ल्याचं कौतुक करायला वेळ होता.

अट मात्र अजून मोडलेली नाही, असं माझं मत आहे. घोटाळा चोराने केला. दादाशी उद्या बोलते.

१८ मे

बोलायची वेळच आली नाही. दारात तुझी आत्या. दोन बॅगा आणि उशी.

दादाने बोलावलं का, विचारलं. नाही म्हणाली. तिला माझा मेल आला. शेजारच्या मुलीने मोबाईलवर उघडून दाखवला. गिफ्ट कार्ड कुठे मिळतं तिला माहीत नव्हतं, म्हणून स्वतःच आली. बाकी सगळ्यांनी फोन करून खातरजमा केली. हिने बस पकडली.

म्हणाली, वहिनी, इतकं गोड तुम्ही आयुष्यात बोलला नाहीत. माझ्याशिवाय तुम्हाला कोणी नाही, हे आधी सांगितलं असतंत तर आधी आले असते.

मी खरं सांगणार होते. ती पाणी पीत होती. पाणी पिताना सांगू नये.

१९ मे

आज सांगायचंच ठरवलं. सुरुवात म्हणून विचारलं, वन्सं, खरंच माझ्यासाठी आलात? हो म्हणाली. पुन्हा विचारलं. हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तर उखडली. किती वेळा तेच, कान गेलेत का तुमचे, रात्रभर बसमध्ये बसून मी काय हवा खायला आले?

काही सांगितलं नाही.

तोवर तिने मिठाचा डबा हलवला होता.

२० मे

दादा खूश आहे. प्रश्न सुटला म्हणे. मी म्हटलं, आत्या कायमची राहणार नाही, कंबर बरी झाली की जाईल. कंबर बरी व्हायला किती दिवस, असं तिने स्वयंपाकघरातून विचारलं. मी म्हटलं, वर्षं लागतात अशा कंबरेला. तोंडातून निघून गेलं. आकडे निघाले तसंच.

नवा पासवर्ड तिच्याकडे आहे. मेल ती वाचते, अडखळत, मध्ये स्वतःची मतं घालून.

जावईबापू ही रोजनिशी तुझ्याकडे घेऊन येताहेत. नीट वाच आणि या वेळी विसरू नकोस. दर शनिवारी खाण्याचं पार्सल पाठवतेस, त्यात आता दोघींचं पाठव. तिला दात नाहीत, तेव्हा पिकलेली केळी आणि मऊ पाव. आणि माझ्यासाठी भाजलेले शेंगदाणे, चांगले कडक. या घरात काहीतरी माझं एकटीचं राहू दे.