वत्सलाबाईंची वाटी

आदिलाबाद, २२ नोव्हेंबर १९७८, बुधवार

आज आठवीला पैशाचा जन्म शिकवला. पुस्तक म्हणतं, आधी माणसं धान्य देऊन कापड घ्यायची, ते अडचणीचं व्हायला लागलं म्हणून नाणी आली. पोरं मान डोलावून मोकळी झाली. मला पटेना. काऊन पटेना, ते घरी आल्यावर फळीवरची पितळी वाटी पाहून कळलं.

वाटी शेजारच्या वत्सलाबाईंची. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा तिच्यातून साखर आली होती. रिकामी कशी परत करायची, म्हणून मी शेवया घातल्या. मग तिकडून तिळाची चटणी. तेव्हापासून ती दोन्ही घरांत फिरतेच आहे. कोणाचं कोणाकडं राहिलं, दोघींनाही सांगता येणार नाही. अडलं कुठं? पुस्तक लिहिणाऱ्याला शेजारी नसावेत.

वत्सलाबाई उद्या निजामाबादला चालल्या, यजमानांची बदली झाली. दिवेलागणीला वाटीत शेंगदाणे भरून त्यांच्याकडं गेले. त्यांनी दाणे पदरात ओतून घेतले आणि वाटी माझ्याच हातात ठेवली. रिकामी. असं कधी झालं नव्हतं.

"अहो, वाटी तुमची आहे," मी म्हटलं.

"राहू द्या तुमच्याकडंच. मी नेली तर आपलं सारं फिटून जाईन."

पहिलं नाणंही असंच असेल का? पैनगंगेच्या काठी कुठंतरी, लिहिणं-मोजणं नव्हतं तेव्हा, एका बाईनं दुसरीच्या हातात ठेवलेलं. तिला परत यावं लागावं म्हणून.

वाटी समोर आहे. निजामाबादला जाताना हिच्यात काय न्यावं, याचाच विचार करून राह्यले.