मधल्या वाटीचं माप

प्रिय मासोळी,

सोबतचं पुडकं आधी उघडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पत्र बाजूला टाकून तू आधी दोरा तोडणार. तरी सांगते, आधी हे वाच आणि मग कात्री घे.

तलावावर सगळं ठीक चाललंय असं मी फोनवर सांगते, ते अर्धंच खरं आहे. पाणी स्वच्छ आहे, फरश्या रोज घासल्या जातात, मी पासाच्या खिडकीत बसून शिक्के मारते आणि गर्दी ओसरली की विणत बसते. पण तुझ्या लहान मुलांच्या बॅचला साहेबांनी तात्पुरते जे मास्तर लावलेत, ते काठावर खुर्ची टाकून नुसते हातवारे करतात. पाण्यात उतरायचं नावच नाही. मुलं खिडकीशी येऊन मला विचारतात, आमच्या बाई कधी येणार? काय सांगू त्यांना? तू तर साहेबांना कळवून मोकळी झालीस, की आता मी येणार नाही, दुसरी बाई बघा. मलाही तेच ऐकवलंस, आणि तेही भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं इतक्या सहज. मी गप्प बसले म्हणजे माझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे एवढ्या वर्षांत तुला कळायला हवं होतं.

मागे तुझ्याकडे आले तेव्हा पिशवीतून सुती दोऱ्याची गुंडाळी काढून तुझ्या दंडाला लावून पाहिली, आठवतं? नणंदेच्या बाळाला टोपी करतेय अशी थाप मारली होती. बाळाला कुणी चहाच्या रंगाची टोपी घालतं का, डोकं फिरलंय का तुझं, असं तू म्हणालीस. किती दिवसांनी तू मला रागावलीस! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण तेवढ्या उकाड्यातही तू जाडजूड स्वेटर घालून बसली होतीस आणि बोलताना उशी छातीशी धरली होतीस. डॉक्टरीणबाईंनी गाठ मुळापासून गेली, रिपोर्ट चांगले आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा आपण दोघी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो होतो आणि मग खाली कँटीनमध्ये जाऊन दोन माणसांचं जेवण एकेकीने फस्त केलं होतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. घरी गेल्यावर तुला सपाट झालेली डावी बाजू घेऊन आरशाला तोंड द्यायचं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

तर मी काय विणलंय ते एव्हाना तू ओळखलं असशील. हो, तेच. डाव्या बाजूचं. हसू नकोस, किंवा हस, मला चालेल.

पहिलं विणलं ते नुसतं आठवणीवरून. माझ्या आठवणीत तू आहेस त्याहून बरीच भरदार निघालीस, कारण आमच्या ह्यांनी ते सरळ डोक्यावर चढवलं आणि म्हणाले, कानापर्यंत येत नाही, जरा वाढव. मी ते त्यांच्या डोक्यावरून काढून घेतलं. उसवून पुन्हा बसले. पण माप आणायचं कुठून? तुला विचारलं असतं तर तू दारच लावून घेतलं असतंस. मग तुझ्या लॉकरमधला पोहण्याचा पोशाख आठवला. इतकी वर्षं अंगावर वागवल्यामुळे त्याला तुझा आकार आला आहे. रोज घरून एक वाटी पिशवीत घालून न्यायची आणि त्यात बसवून बघायची, असा माझा उद्योग सुरू झाला. झाडणाऱ्या मावशींनी एकदा मला वाटीसकट पकडलं आणि माझ्याकडे जे बघितलं! शेवटी मधली वाटी बरोबर बसली. त्याच वाटीवर टाके घालत, कमी करत विणलं. आमचे हे अजून त्याच वाटीतून दही खातात आणि मी समोर बसून फिदीफिदी हसते.

पुढचं श्रेय सासूबाईंना द्यायला हवं. त्यांनी ते माझ्या टोपलीतून उचललं, उलटंसुलटं केलं आणि एका क्षणात ओळखलं. कुणासाठी, असं विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, अगं, हे फार हलकं आहे, कपडा एका बाजूने वर चढेल. मग आपली जुनी काचेच्या मण्यांची माळ तोडून मणी माझ्या ओंजळीत ओतले. तरुणपणी मिरवलेली माळ गं ती! पुडक्यात दोन आहेत; ते मणी तुझ्या रोजच्या वापराच्यात आहेत, कापसाच्या मधोमध शिवलेत, टोचणार नाहीत.

दुसरं आहे ते पाण्यासाठी. त्यात आंघोळीला अंग घासायची जाळी कापून भरली आहे, म्हणजे पाणी आत शिरलं तरी लगेच निथळेल. बादलीत बुडवून पाहिलं, पण तुझ्या बाबतीत बादलीवर विश्वास कसा ठेवू? सुट्टीच्या दिवशी चौकीदाराकडून किल्ली घेतली, तुझाच पोशाख कसाबसा चढवला (शिवण उसवली आहे, आधीच सांगून ठेवते) आणि ते मधे खोचून मी गळ्यापर्यंत पाण्यात उतरले. मी! जिला तू आजवर पायरीच्या खाली नेऊ शकली नाहीस. तीन घेऊन पाण्यात उतरलेली पहिली बाई मीच असेन. इकडून तिकडे चालले, उड्या मारल्या, जागचं हललं नाही.

आता हे पत्र कशाला, तर पुडकं तुझ्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही. विणून संपलं आणि मनात भीतीच शिरली, की हे उघडून तुला वाटेल, हिलासुद्धा मी अपुरी दिसते म्हणून हिने भर घातली. तसं नाही गं. तू मला कुठूनही कमी झालेली दिसत नाहीस. घालावंसं वाटलं तर घाल, नाहीतर टाचण्या टोचायला ठेव. तशीच आलीस तरी मला तू हवी आहेस. सोमवारी नवी बॅच सुरू होते. दारातल्या फळ्यावर शिकवणाऱ्या बाईंचं नाव मीच लिहिते. ती जागा सध्या मोकळी ठेव, असं साहेबांनी बजावलं होतं. आज निघताना मी तिथे तुझं नाव लिहून आले आहे, चांगलं ठळक. नको असेल तर येऊन पूस. मी पुसणार नाही.

तुझीच,
खिडकीवाली