श्वास घ्यायला विसरणारी पोर

४ फेब्रुवारी
मुलगी! दोन महिने आधीच आली — आईसारखीच घाईची. श्वास घेताना कण्हते, बरगड्यांखाली खड्डा पडतो. बघवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसं कच्ची आहेत, आतून चिकटतात. त्यात औषध सोडलंय. नाकातून हवेचा दाब देतोय. दोन-तीन दिवस कसोटीचे."

वॉर्डात जाऊन बायकोला सांगायला लागलो, तर भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, "काही सांगू नका. मागच्या बाळाला डोळे भरून बघितलं होतं ना? काय झालं? मी नाही येणार बघायला."



६ फेब्रुवारी
खड्डा कमी झालाय!

७ फेब्रुवारी
लेकीला टोपी शिवून नेली. जन्म गेला शिंपीकामात, आणि माप चुकलं — टोपी थेट हनुवटीपर्यंत! सिस्टर (मनातल्या मनात मी त्यांना हेडमास्तरीण म्हणतो) पहिल्यांदा हसल्या.

१० फेब्रुवारी
सिस्टरनी सांगितलं म्हणून सदऱ्याची बटणं सोडून पोरीला उघड्या छातीवर घेतलं. उबदार गाठोडं! आणि अचानक तिला लावलेलं मशीन ओरडायला लागलं. पोर निळसर पडली. श्वासच थांबला! हेडमास्तरणींनी शांतपणे तिची मान सरळ केली, पाठ चोळली — घेतला श्वास.

"दिवस भरले नाहीत ना, श्वास घ्यायचा विसरतात अशी बाळं. मोठी झाली की सुटतं. पाठ चोळायची, आणि लगेच मला हाक."

विसरते म्हणे! धन्य आहे बाई.

१३ फेब्रुवारी
श्वास विसरू नये म्हणून कॉफीत असतं तेच औषध देतात! मला पित्तामुळे चहा बंद, आणि लेकीची चैन बघा.

बायकोला सांगितलं. बाळंतपणापासूनचा तिचा ताप उतरलाय, पण तोंड भिंतीकडेच. खांदे मात्र हलले. हसली की रडली, कळलं नाही.

१५ फेब्रुवारी
परत विसरली. हाक मारली, पण तोवर मीच मान सावरली, पाठ चोळली. "अगं ए, घे की!" घेतला! हेडमास्तरीण शेजारी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. "जमलं की," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी
दुकानात गिऱ्हाईक हटेना, उशीर झाला. धावतच पोचलो. बाळांच्या खोलीत बघतो तर बायको बसलेली, पोर तिच्या छातीवर!

मान वर न करता म्हणाली, "हळू या, आत्ताच डोळा लागलाय. आणि नाव सुचवा काहीतरी. किती दिवस नुसतं पोर-पोर म्हणायचं?"