ऊन पाणी कुठवर जातं

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण आज पाइपाला हात लावला आन् पहिली आठवण तुमचीच आली. मी जहाजावर आहे, इंजिनात. इंजिन गार ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढतात, ते किती ऊन, किती गार, हे दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवणं माझं काम. आफ्रिकेचं खालचं टोकाला वळसा घालून आम्ही पश्चिम किनाऱ्यानं वर निघालोय, माझी ही वाट पहिलीच, म्हणजे उकाड्याच्या दिशेनं, आणि काटा मात्र खालीच उतरतोय. मला वाटलं, बिघडला. मग तुमच्यासारखा थेट पंजा लावला. परवापर्यंत कोमट असणारा पाइप गारठलेला, वरून घाम फुटलेला.

आमचे सेकंड इंजिनियर रत्नागिरीचे. म्हणाले, "काटा शहाणा आहे, तूच बिघडलायस. वर चल." वर धुकं, आणि धुक्याच्या फटीतून किनारा, नुसती वाळू, पार पाण्याला टेकलेली. मी म्हटलं, "साहेब, एवढं पाणी उशाला आन् पाऊस नाय?" तर म्हणाले, समुद्रातही नद्या असतात. वारा पाणी ढकलतो, पृथ्वीच्या फिरण्यानं ते वळतं, आणि ध्रुवाकडचं गार, खारट पाणी जड होऊन तळाला बसतं, तिथनं सरकत राहतं. आफ्रिकेच्या पूर्वेला ऊन पाणी येतं, त्याच्यावरची हवा ओल घेऊन वर चढते, म्हणून तिकडं पाऊस आणि उसाची शेतं. इकडं दक्षिणेचं गार पाणी, त्यात वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो, म्हणून खालचंही वर येतं. हवा गारठून पडून राहते, चढतच नाही. मग नुसतं धुकं.

खालचं वर येतं म्हणाले आणि मला तुम्ही पाणी तापवायचा त्या स्टेशनजवळच्या लॉजचं मागचं अंगण दिसलं. खुलताबादचा उरूस आहे, खोल्या भरल्यात, तुम्ही बंबात लाकडं सारताय. मी नेलेल्या बादलीवरून पाहुणा ओरडतो, "वर चटके, खाली बर्फ, अंघोळ करू का भाजून घेऊ?" तुम्ही माझा हात धरून बादलीच्या तळाला नेता. "वरचं बघून पाणी कळतं व्हय रं?" आणि वाळूजच्या कारखान्यांतलं तिसरं काम सोडून आलो तेव्हा तुम्ही त्याच बंबाकडं बोट केलं होतं. "एका जागी राहिल्याबिगर पाणी तापत नाय. तू असाच गार राहशील." नंतर तुम्ही गेलात, आणि ते बोलणं बंदरोबंदर माझ्या मागं आलं.

आज त्याला उत्तर सापडलं. तापलेलं पाणी हिंडतं म्हणून लांबच्या थंड मुलखात माणसं सुखानं राहतात. ते जागेवरच बसलं असतं तर ते मुलूख गारठले असते. आणि अण्णा, तुम्ही तरी बंबापाशी कुठं बसायचा? दोन्ही हातांत बादल्या घेऊन तीन मजले चढायचा, पायऱ्यांवर सांडत.

हा कागद बॉयलरसूटच्या खिशातच राहील. एक गोष्ट इथं कुणाला बोललो नाही. ह्याच जहाजावर, ह्याच पाइपापाशी मी तिसऱ्यांदा आलोय, आणि पुढच्या खेपेलाही ह्याच जागी परत येतो म्हणून कंपनीला कळवून बसलोय.