तुझी गोधडी ड्रमच्या खाली

आई, पहिली आली ती खालची मोरोक्कोवाली. हातात पळी, पायात घरातल्या सपाता, डोक्याचा रुमाल अर्धा सुटलेला. दार उघडंच होतं, ती थेट आत. "काय गं, घरात उखळ आणलंस काय? माझ्या छताचा दिवा नाचतोय!" हे सगळं हिब्रूत बरं का, पण तिचं हिब्रू मोरोक्कोच्या तव्यावर भाजलेलं आणि माझं अलिबागच्या, तरी तीस वर्षं आमचं भांडण आणि प्रेम त्यातच चालतं. ती ओरडत असतानाच मागून जिना चढत, धापा टाकत ठाणेवाली. ठाणेवाली म्हणजे आपल्या सिनेगॉगातली बाई. ठाण्याहून येऊन जन्म गेला, पण आम्ही अजून एकमेकींना गावानंच हाक मारतो. ती आली होती झाडांच्या सणाच्या, तू बिश्वतच्या, पोह्यांच्या मलिद्याला नारळ किती लागतील ते विचारायला. दोघी आतल्या खोलीच्या दारात एकमेकींना थटल्या आणि दोघींनी एकदम आत बघितलं. आत खाटेच्या आणि कपाटाच्या मधल्या जागेत तुझी पणती बसली होती. कानावर मोठी काळी भांडी, हातात दोन काठ्या, पुढे रबरी थाळ्या. तिला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. वाजवत होती. एकवीस महिन्यांनी वाजवत होती, आई.

आता तुला मागचं सगळं सांगायला हवं. तू इकडे आलीच नाहीस. आम्ही इस्रायलात, येरुहामला आलो तेव्हा इथे वाळू होती, फॅक्टरी होती आणि बिअर शेवा शहराला जायची बस होती. तू गावाला राहिलीस, आणि दुसऱ्या वर्षी तू गेल्याची बातमी आली. तेव्हा मी वर्षभर घरात रेडिओ लावला नाही. माझा पोरगा, म्हणजे तुझा नातू, तेव्हा पाळण्यात होता. रडायला लागला की मी त्याच्यापुढे ताटलीसुद्धा वाजवायची नाही. आईबापाचं वर्ष असं पाळायचं हे तूच शिकवलंस. आजोबा गेले त्या वर्षी मी परातीवर बोटं वाजवली होती, तर तू चुलीपुढून उठून आलीस आणि माझ्या हातावर एक दिलीस. तुझी ढोलकी तेव्हा पांढऱ्या धोतरात बांधून माळ्यावर होती, आणि येता जाता तू वर बघायचीस. ते मला दिसायचं.

तुझ्या नातवात तुझे हात आले होते. मेहंदीला, मलिद्याला, बार मिट्झवाला, जिथे चार आपले लोक जमतील तिथे हा ढोल बडवायला पुढे. मग ड्रम शिकला. दिवसा फॅक्टरीत, संध्याकाळी मिकलातमध्ये. मिकलात म्हणजे जमिनीखालची खोली, लढाई झाली तर लपायला सरकारने बांधलेली. लढाई नसेल तेव्हा पोरं तिथे गाणीबजावणी करतात, कारण भिंती इतक्या जाड की कुणाला त्रास नाही. तिथे त्याने आपल्या पोरीला शिकवलं. ती सहा वर्षांची असल्यापासून. फौजेत त्याचा उजवा पाय मोडला होता, नीट बसला नाही, म्हणून मोठ्या ड्रमवरचा पायाचा ठोका जरा मागाहून पडायचा. हात आले की मग पाय, दमलेल्या माणसासारखा. त्याचे दोस्त त्याला चिडवायचे, "पाय बसने येतोय का रे?" तो म्हणायचा, "येतोय ना? मग झालं."

त्याच्या आजाराचं मी लिहीत नाही. तुला तिकडे कळलंच असेल, भेटला असेल. पावसाळ्यात (इथे थंडीत पावसाळा, दोन सरी आणि संपला) खोकला लागला म्हणून गेला, आणि पेसाहच्या सणाआधी आम्ही त्याला जमिनीत ठेवला. सून एलातला हॉटेलात कामाला, पंधरवड्याने येते, बिचारी किती रडणार आणि किती चादरी घालणार. पोर माझ्याजवळ. पंधरा वर्षांची, माझ्यापेक्षा उंच, भुवया तुझ्या. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, आणि मला "सावता" म्हणते, म्हणजे आजी. तिने वर्ष पाळलं. कुणी सांगितलं नव्हतं. आजकालची पोरं कुठे पाळतात! वर्ष पुरं झालं, कबरीवर जाऊन आलो, मलिदा केला, आणि मला वाटलं आता वाजवेल. कुठलं काय. मिकलातच्या पायऱ्यांपर्यंत जायची आणि परत यायची. एकदा मी विचारलं, "खाली का नाही जात गो?" तर म्हणे, "सावता, तिथे त्याची खुर्ची आहे."

म्हणून मी ठरवलं, ती खाली जात नाही तर ड्रम वर आणायचा. ठाणेवालीच्या पुतणीने सांगितलं की आता विजेवरचे ड्रम मिळतात, छोटे, घडी घालून कपाटामागे ठेवता येतात, आणि आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. मी खाटेपासून कपाटापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, भिंतीपासून दारापर्यंत दुसरी गाठ, आणि पोरीला म्हटलं चल बिअर शेवाला, मला चपला घ्यायच्यात. बसमध्ये तिला खरं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली, पण उतरली नाही. पुढच्या स्टॉपला उतरून परत जाईल अशी मला धास्ती होती.

दुकानात एक रशियन पोरगा. सुतळी जमिनीवर पसरून मी म्हटलं, एवढ्यात बसेल तो दाखव. तो हसला, पण चांगला पोरगा, गुडघ्यांवर बसून त्याने गाठी बघितल्या. दोन दाखवले. एकाच्या थाळ्या रबराच्या आणि पायाला नुसती पट्टी, दाबली की आवाज. दुसऱ्याच्या एका थाळीला जाळी ताणलेली, आणि पायाला खरं पेडल, हातोडीसारखं, समोरच्या छोट्या गादीवर आपटणारं. आई, मी काय केलं असेल? अलिबागच्या बाजारात तू ढोलकी घेतलीस ना, तेव्हा एका तोंडावर तळवा ठेवून दुसऱ्यावर थाप मारलीस आणि म्हणालीस, "हातात पोचलं पाहिजे आधी, कानात मागाहून." तशीच मी जाळीखाली तळवा धरला आणि वरून टिचकी मारली. काही नाही. दुसऱ्या थाळीला धरला. काही नाही. मी म्हटलं, "हे तर मेलेलं आहे." पोरगा म्हणाला, "आजी, जीव या डबीत आहे," आणि बटणांची डबी दाखवली. पोर तोंडावर हात धरून हसली. ते हसू मी इतक्या महिन्यांनी बघितलं, मग मला ड्रम कुठला घ्यायचा ते सुचेना, तिच्याकडेच बघत राहिले. ती पट्टीवाल्यावर बसली, उठली. पेडलवाल्यावर बसली, पाय ठेवला, आणि उठलीच नाही. पोरगा म्हणाला, "हा एकदम शांत. शेजारी बाळ झोपलं तरी उठणार नाही." शेजारी म्हणाला तो. खाली कोण राहतं ते त्याने विचारलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. गावाला आपल्या घराखाली माती होती, आई. मातीखाली कुणी राहत नव्हतं.

तर आता परत त्या दुपारी, बुधवार होता. मोरोक्कोवालीने पळी हलवली, तशी पोरीने मान वर केली, कानावरची भांडी काढली. मोरोक्कोवाली म्हणते, "हातांचं काही नाही, बाळा, पण पाय! पाय माझ्या डोक्यात पडतोय!" पोरीचं तोंड पांढरं झालं. तिने काठ्या खाली ठेवल्या, अगदी हळू, काचेच्या असल्यासारख्या. म्हणाली, "सावता, परत देऊन टाकू. दुकानातला म्हणाला होता, आठवड्यात परत घेतो." आणि डबीची वायर काढायला लागली. आई, मला कळलं की ही वायर निघाली तर परत लागणार नाही. माणूस एकदा मन करतो. दुसऱ्यांदा करायला फार लागतं.

मी कपाटावरून तुझी गोधडी काढली. तीच, तुझ्या हिरव्या लुगड्याची आणि दोन जुन्या लुगड्यांची, जी बोटीवर चढताना तू माझ्या काखेत कोंबलीस आणि म्हणालीस, "तिकडे गार असेल." तिच्यात मी तुझ्या नातवाला गुंडाळलं, मग त्याच्या पोरीला. त्यानंतर तिच्यात कापूर घालून ठेवली होती. मी चौघडी करून जमिनीवर टाकली. ठाणेवाली किंचाळली, "अगो, आईची गोधडी? पायाखाली? वेडी झालीस काय!" मी म्हटलं, "नारळ पंचवीस आण आणि गप्प बस." मोरोक्कोवालीला मराठी येत नाही, पण गोधडी बघून ती समजली. पळी खिडकीत ठेवली आणि दुसरं टोक धरलं. आम्ही तिघी म्हाताऱ्या आणि ती पोर, सगळ्यांनी मिळून ड्रमचं ते धूड उचलून त्यावर ठेवलं. पेडलचे दात तुझ्या हिरव्या टाक्यांत रुतले. मी बघितलं, आणि सोसलं.

मोरोक्कोवाली म्हणाली, "मी खाली जाते. मी सांगीन." गेली. खिडकीतून तिचा आवाज आला, "वाजव!" पोर माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. तिने भांडी कानावर चढवली आणि सुरू केलं. आम्हाला नुसतं रबराचं टपटप. खालून आवाज, "अगं वाजव की!" ठाणेवाली खिडकीत जाऊन ओरडली, "वाजवतेय!" "खोटं! काही ऐकू येत नाही!" "मग तेच तर हवं होतं ना तुला!" मग खालून, जरा चिडूनच, "पण मग मी ऐकणार कशी?"

तेवढ्यात मी काय केलं सांगते. गुडघे दुखतात तरी खाली बसले आणि गोधडीच्या कडेला तळवा ठेवला. दुकानात मेलेलं वाटलं होतं ते. गोधडीतून आलं, आई. आधी हात, मग जरा थांबून पाय. तिचे पाय धड आहेत, कधी मोडले नाहीत, कुणी तिला उशिरा मारायला सांगितलं नाही; तिने बापाकडे बघून बघून तसंच घेतलं. हात, आणि मग पाय, दमलेल्या माणसासारखा. मी तिथेच बसून राहिले. ठाणेवालीने विचारलं, "तुला काही कळतंय का गं?" मी म्हटलं, "छे, मला कुठलं ऐकू येतंय," आणि पदराने जमीन पुसायला लागले.

हे लिहायला बसले ते गोधडीसाठी. तुला विचारायला वेळ नव्हता. तू रागावली असशील तर माझ्या हातावर एक दे, पण ती तिथेच राहू दे. चौथीपर्यंत शिकवलंस, तेवढ्या अक्षरांत एवढंच होतं, आणि हे घरात कुणाला वाचता येणार नाही, म्हणून लिहिते: त्या दिवसापासून ती शाळेत गेली की मी खाली बसून गोधडीवर हात ठेवते. काही येत नाही, ड्रम बंद असतो. तरी ठेवते. पोर म्हणते, तू बिश्वतला कानावरची भांडी काढून सगळ्यांना ऐकवीन. मी सगळ्यांसमोर ऐकायला अजून तयार नाही, पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मोरोक्कोवाली आणि ठाणेवाली दोघी मलिद्याला येतो म्हणून गेल्यात. मलिदा सोमवारी आहे; तेवढेच दिवस आहेत माझ्याकडे.